एटापल्लीच्या वाटेवरची शिट्टी

नागपुरातल्या माणसाला ‘मी एटापल्लीला निघालो आहे’ असे सांगितले, की तो दोनपैकी एक प्रश्न विचारतो. ‘बदली झाली का हो?’ हा पहिला आणि ‘सांभाळून जा, रात्रीचे फिरू नका, बरे का!’ या स्वरातला ‘कशाला?’ हा दुसरा. पुण्या-मुंबईच्या माणसाचे काम याहून सोपे असते. तो विचारतो, ‘हे कुठे आले?’

तर हे महाराष्ट्राच्या नकाशात उजव्या हाताला अगदी खाली, जिथे राज्याची कड छत्तीसगडात आणि तेलंगणात घुसल्यासारखी दिसते तिथे आले. १९६४ पर्यंत ज्याला चांदा म्हणत त्या चंद्रपूर जिल्ह्याचाच हा मुलूख. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा एटापल्ली त्याच्याकडे गेली. जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगलाने व्यापलेला. आलापल्ली, एटापल्ली, चपराळा, हेमलकसा अशी गावांची नावे उच्चारू लागले की जीभ हळूहळू मराठीतून बाहेर सरकते आहे असे वाटते, आणि ते खरेच आहे. ‘पल्ली’ म्हणजे गाव. तेलुगूशी नाते सांगणारा हा शब्द. इथले माडिया लोक बोलतात ती भाषाही गोंडीच्या, म्हणजे द्राविडी घराण्यातली. मराठी इथे सरकारी कचेरीतून, बाजारातून आणि शाळेतून आलेली आहे.

शाळेतून आलेली म्हणतो, कारण माझे जाणे शाळेमुळेच झाले. माझा एक जुना विद्यार्थी एटापल्लीजवळच्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवतो. त्याचे पत्र आले. हल्ली पत्र येते हेच नवल, आणि त्यात मजकूर असा : ‘सर, तुम्ही आम्हाला मराठीच्या बोली शिकवल्यात. माझ्या वर्गातल्या पोरांना मराठी ही पहिलीत भेटणारी परकी बाई वाटते. एकदा येऊन बघा.’ अशा पत्राला ‘बघू’ म्हणून उत्तर देणे मला जमले नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत परीक्षांच्या आधीची चार दिवसांची सवड काढली आणि निघालो.

चंद्रपूरपर्यंत आगगाडी. पुढच्या प्रवासासाठी विद्यार्थ्याने एक जीपगाडी ठरवून पाठवली होती. चालक पस्तिशीचा, अहेरीकडचा, अंगाने काटक. त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणत. मीही पहिल्या दहा मिनिटांत म्हणू लागलो. गाडी त्याची स्वतःची होती. स्वतःची म्हणजे तीन वर्षांचे हप्ते अजून बाकी असलेली. समोरच्या काचेवर वर ‘जय सेवा’ लिहिलेले आणि खाली, चालकाला दिसेल असे, कंपनीने चिकटवलेले जुने कागदी पत्रक : गाडी बंद करण्यापूर्वी इंजिन एक मिनिट नुसते चालू ठेवा. ‘हे कशासाठी हो भाऊ?’ म्हणून मी विचारले. ‘टर्बो हाय ना जी,’ तो म्हणाला. ‘त्याले दम खाऊ द्या लागते.’

चंद्रपूर सोडले की बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी अशी ओळखीची गावे मागे पडतात आणि वैनगंगेचा पूल लागतो. फेब्रुवारीतली वैनगंगा म्हणजे अर्धी वाळू, अर्धे पाणी. पण पात्राची रुंदी पाहिली की पावसाळ्यात ही बाई काय करत असेल याची कल्पना येते. इथून खाली, चपराळ्यापाशी, वर्धा येऊन हिला मिळते आणि पुढे दोघींची मिळून प्राणहिता होते. नदीला याहून चांगले नाव महाराष्ट्रात दुसरे नसेल. पूल ओलांडला की आष्टी, आणि आष्टीच्या पुढे जंगल.

हे जंगल पाहायलाच खरे तर माणसाने यावे. आलापल्लीचे सागवान इंग्रजांच्या काळापासून नावाजलेले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाची अलीकडची मोठी रवानगी म्हणजे २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलेले लाकूड. आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या रस्त्याला ‘वनवैभव’ म्हणून राखलेला जुन्या झाडांचा एक तुकडा आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या सागाला कवेत घ्यायला दोन-तीन माणसे लागतात. उभ्या उभ्या वर पाहिले तर टोपी पडते, हे मी अनुभवाने सांगतो.

पण रस्त्याकाठच्या जंगलाचा रंग वेगळा होता. आष्टीपासूनच मला ते जाणवू लागले होते आणि आलापल्लीच्या पुढे तर खात्रीच पटली. रस्त्याच्या दोन्ही अंगांची झाडे तांबडी होती. पळसाला फुले येण्याचे दिवस, म्हणून आधी वाटले फुलेच असतील. जवळून पाहतो तो पानांवर, फांद्यांवर, मैलाच्या दगडावर, टपरीच्या ताडपत्रीवर आणि टपरीत बसलेल्या माणसांच्या भुवयांवर एकच तांबडी भुकटी बसलेली. समोरून मालमोटारींची रांग येत होती. एक गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी. रस्ता त्यांच्या ओझ्याने फुटलेला, आणि फुटलेल्या रस्त्यावरून चाक गेले की धुळीचा एक पडदा उठून दहा मिनिटे खाली बसत नसे.

ही सुरजागडची धूळ. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरात लोहखनिज आहे, तेही चांगल्या प्रतीचे हेमॅटाइट. याच डोंगरावर माडियांच्या ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि जानेवारीत तिथे यात्रा भरते. खाणीचा पट्टा २००७ साली दिला गेला. खोदकाम २०१६ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली. पुन्हा जोरात काम सुरू झाले ते २०२१ मध्ये. माझ्या प्रवासाच्या वेळी डोंगरातला माल मालमोटारींनी याच रस्त्याने बाहेर पडत होता. खाण असावी की नसावी यावर एटापल्लीच्या चहाच्या टपरीवरच मला तीन मते ऐकायला मिळाली. एकाच्या मुलाला तिथे नोकरी लागली होती, दुसऱ्याचे धानाचे शेत रस्त्याला लागून होते आणि तिसरा म्हणाला, ‘देवाचा डोंगर हाय.’ पाहुण्याने चौथे मत देऊ नये, एवढे तारतम्य मला मास्तरकीने शिकवले आहे.

आष्टीला चहासाठी थांबलो तेव्हा भाऊने गाडीचे तोंड उघडले. हवा गाळणारी पेटी उघडून त्याने आतला कागदी फिल्टर काढला आणि चाकावर दोनदा आपटला. तांबड्या धुळीचा एक लोट उडाला. ‘रोज झाडतो,’ तो अभिमानाने म्हणाला. मी डोकावून पाहिले. फिल्टरच्या पेटीपासून इंजिनाकडे जाणारा रबराचा एक जाड, वळ्यावळ्यांचा पाइप होता आणि त्याच्या मध्यावर पट्टी बांधलेली होती. अगदी हात मोडलेल्या माणसाला बांधतात तशी. सायकलच्या ट्यूबची पट्टी, तिच्यावर चिकटपट्टी आणि दोन्ही टोकांना तारेचे पीळ.

या पट्टीची कथा त्याने आलापल्ली येईपर्यंत तुकड्यातुकड्यांनी सांगितली. बारा दिवसांपूर्वीची रात्र. आतल्या एका गावातून निरोप आला की बाई अडली आहे. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. भाऊ गाडी घेऊन गेला. बाई, तिची सासू आणि गावातली आशाताई अशा तिघी मागे बसल्या. परतताना एका नाल्यात गाडी आदळली आणि पुढे चढावर इंजिनाचा जोर एकाएकी गेला. उतरून पाहतो तो पाइप वळीच्या खाचेत अर्ध्याहून अधिक चिरलेला. गाडी सुरू केली की इंजिनाच्या ओढीने चिरलेला भाग आत चिमटायचा, श्वास कोंडायचा आणि गाडी थांबायची. फोनला रेंज नाही. भाऊने आधी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याची नळी केली आणि पाइप चिमटू नये म्हणून आतून बसवली. मग जवळच्या घरातल्या एका पोराला उठवून त्याच्या सायकलची ट्यूब मागितली आणि ती वरून गुंडाळली. हे सगळे विजेरीच्या उजेडात, वीस मिनिटांत. पहाटे बाई दवाखान्यात पोचली. मुलगी झाली.

‘दोघीबी बऱ्या हायत,’ भाऊ म्हणाला. ‘पोराले नवी ट्यूब देल्ली.’

‘आणि पाइप?’

‘सांगून ठेवला जी चंद्रपूरले. आला नाही. चालते तंवर चालते.’

आपल्याकडे अशा कौशल्याला अलीकडे फार मान आला आहे. शहरांत व्यवस्थापनाच्या वर्गांतून ‘जुगाड’ या विषयावर व्याख्याने होतात आणि वातानुकूलित सभागृहात माणसे टाळ्या वाजवतात. त्यांच्यापैकी एकालाही मध्यरात्री नाल्यापाशी डब्याचा पत्रा कापावा लागत नाही, हा भाग सोडून देऊ. भाऊच्या त्या वीस मिनिटांना माझा नमस्कार आहे. पण त्या वीस मिनिटांसाठी बांधलेली पट्टी त्यानंतर बारा दिवस त्या तांबड्या रस्त्यावरून धावत होती.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धातल्या कोळशाच्या मोटारींच्या गोष्टी सांगत. पेट्रोलला मापे लागली तेव्हा मोटारींच्या पाठीशी लोखंडी भट्टी बसवून लोणारी कोळशाच्या वायूवर त्या चालवीत. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचे, हा भाग आजोबा रंगवून सांगत. पण त्यांचे एक वाक्य मला त्या वेळी मुळीच कळले नव्हते. ते म्हणत, ‘भट्टी कुणीही पेटवील, राख आत जाऊ न देणे हे खरे काम.’ वायू नीट गाळून घेतला नाही तर त्यातली बारीक राख इंजिनात शिरे आणि आतला गुळगुळीत धातू कानशीने घासावा तसा झिजे. मोटार त्या दिवशी बंद पडत नसे. महिन्या-दोन महिन्यांनी पडे, आणि मग कुणालाच तो जुना धूर आठवत नसे.

आलापल्ली सोडून एटापल्लीचा रस्ता धरला आणि मला एक शिट्टी ऐकू येऊ लागली. गाडीने वेग घेतला की ती बारीक आवाजात सुरू होई, वाढत जाई आणि पाय सैल केला की विझे. ‘ही कसली शिट्टी?’ ‘टर्बो हाय, वाजते थोडी,’ भाऊ म्हणाला. पण त्यानेही कान टवकारले होते, हे मी पाहिले.

शाळेतला दिवस मोठ्या आनंदात गेला. तो सविस्तर सांगायला वेगळा लेख हवा. एवढेच सांगतो, की मी मुलांना ‘जोहार’ केला तेव्हा वर्ग क्षणभर थबकला आणि मग असा काही हसला की पुढचे दोन तास माझे काम सोपे झाले. मी मराठी शब्द सांगायचा, त्यांनी माडिया सांगायचा. नकळत मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण हे बदलले. चारशे मुलांची शाळा, आणि रस्ता फार लांब नाही. रस्त्याकडच्या खिडक्या भर फेब्रुवारीत दुपारीही बंद होत्या. पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर ओले फडके घातलेले होते. ते सकाळी पांढरे होते, असे मला सांगण्यात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हेडरीच्या बाजूला निघालो होतो. विद्यार्थ्याला एका पालकांना भेटायचे होते. गावाबाहेर चार-पाच किलोमीटर गेलो असू. शिट्टीचा आवाज आता शिट्टी राहिला नव्हता. अग्निशामक बंबाच्या भोंग्याची लहान बहीण म्हणावी असा झाला होता. एका चढाला भाऊने जोर दिला आणि आतून टप्‌ असा छोटासा आवाज आला. चहाच्या कपाला चमचा लागावा एवढाच. मागे पाहतो तो निळसर पांढऱ्या धुराचा ढग. गाडीचा जोर गेलेला. भाऊने तत्काळ इंजिन बंद केले. एक मिनिट दम खाऊ देण्याचा नियम त्याने या वेळी मोडला आणि तेच बरोबर होते, असे पुढे कळले. कारण टर्बोतून गळलेले तेल इंजिनाने हवेबरोबर ओढायला सुरुवात केली, की ते तेलच डिझेलसारखे जळू लागते. मग किल्ली फिरवूनही इंजिन थांबत नाही, वेग आपोआप वाढत जातो आणि फुटेपर्यंत धावते.

दोराने ओढत गाडी एटापल्लीत आणली. तिथला मिस्त्री म्हणजे विशी-बाविशीचा एक तेलुगू बोलणारा मुलगा. त्याने पट्टी सोडली, पाइप काढला आणि आत बोट फिरवून आम्हाला दाखवले. बोटावर तांबडा चिखल. धूळ आणि तेल यांचे कालवण.

‘किती दिस झाले बांधून?’

‘बारा-तेरा.’

‘आणि फिल्टर?’

‘झाडतो ना रोज!’

मुलगा हसला नाही, याचे मला कौतुक वाटले. फिल्टर पाइपाच्या आधी असतो आणि चीर फिल्टरच्या नंतर होती. फिल्टरने अडवलेली धूळ भाऊ रोज चाकावर झाडत होता आणि न अडवलेली चिरेतून थेट आत जात होती. त्यातही गंमत, म्हणजे वाईट अर्थाने गंमत, अशी की फिल्टर धुळीने जितका तुंबेल तितकी इंजिनाची ओढ वाढते, आणि ओढ वाढली की वाट मिळेल तिथून हवा येते. वाट होती ट्यूबच्या पट्टीखालून. गाळणी जितकी इमानाने काम करत होती, तितकी चोरवाट अधिक वाहत होती.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्र म्हटले की माझी धाव शाईच्या पेनापर्यंत. पण त्या मुलाने दोन तासांत मला जे समजावले, ते इतके स्वच्छ होते की त्याला वर्गावर उभे करावे. टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक पंखा फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात भरतो. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन सुमारे चौदा हजार फुटांच्या पाइक्स शिखरावर नेऊन, तिथल्या विरळ हवेतही टर्बोने इंजिनाला पुरेसा श्वास देता येतो हे दाखवून दिले. आपल्या रस्त्यांवर तो घरोघर झाला तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, डिझेल गाड्यांबरोबर.

हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. आपल्या घरातला छताचा पंखा पाचावर ठेवला तरी साडेतीनशेच्या आसपास फिरतो, म्हणजे तुलना ध्यानात येईल. एवढ्या वेगाला साधे बेअरिंग टिकत नाही, म्हणून बहुतेक टर्बोंत दांडा तेलाच्या अतिपातळ थरावर जवळजवळ तरंगत असतो. हवा ओढणारा पंखा ॲल्युमिनियमचा, पाती कागदासारखी पातळ, आणि त्यांची टोके सेकंदाला दोनशे मीटरहून अधिक वेगाने हवा कापत असतात. त्या वेगाने त्यांच्यावर येऊन आदळत होते ते हेमॅटाइट. खनिजांची कठिणता मोजायची मोज यांची जी श्रेणी आहे, तीत ॲल्युमिनियम तीनच्याही किंचित खाली बसते आणि हेमॅटाइट साडेपाच ते साडेसहा. रस्त्याच्या धुळीतली वाळू तर सातावर. पितळी भांडे वाळूने घासावे तसा तो पंखा बारा दिवस घासला जात होता, फरक एवढाच की घासणारा हात थकत नव्हता.

मुलाने पंख्याचे टोक चिमटीत धरून हलवले. दांडा वर-खाली हलला. ‘प्ले आला,’ तो म्हणाला. नव्या टर्बोत हा हल बोटाला जेमतेम जाणवतो. इथे पाती बाहेरच्या भिंतीला टेकत होती. पात्यांच्या कडा बोथट झालेल्या, काही झिजून आखूड झालेल्या. झीज सारखी नसल्यामुळे पंख्याचा तोल गेला, तोल गेल्यामुळे दांडा डगमगला, डगमगल्यामुळे तेलाचा थर तुटला. ती शिट्टी म्हणजे हा सगळा क्रम होता. शेवटचे ‘टप्‌’ मात्र वेगळे. भाऊने आत बसवलेल्या पत्र्याच्या नळीचा एक कोपरा, नखाएवढा, जागेवर नव्हता. आणि पंख्याच्या एका पात्याचे टोक मुडपलेले होते.

भाऊ हे सगळे उकिडवा बसून पाहत होता. मुलाने मग एक गोष्ट सांगितली, ती मी मुद्दाम इथे नोंदवतो, कारण गाडी असलेल्या प्रत्येक घराच्या ती उपयोगी आहे. टर्बोच्या पुढे, म्हणजे दाबलेल्या हवेच्या बाजूला, पाइप फुटला तर हवा बाहेर पडते. फुस्स आवाज येतो, काळा धूर येतो, जोर जातो, चालकाला लगेच कळते. तिथे पट्टी बांधली आणि ती गळली, तरी वाया जाते ती हवा. टर्बोच्या अलीकडे, ओढीच्या बाजूला, चीर पडली तर काहीच कळत नाही. गाडी छान चालते. पट्टी तर बाहेरून घट्टच दिसते, कारण ओढीने ती स्वतःच पाइपाला चिकटते. ‘तिथं बांधलं तर दवाखान्यापर्यंत,’ मुलगा म्हणाला. ‘मंग गाडी उभी करायची.’

‘उभी केली तर हप्ता कोन भरते?’ भाऊ म्हणाला. त्या संध्याकाळी तो तेवढेच बोलला.

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, मिस्त्रीपाशीही नव्हते. त्या बारा दिवसांत भाऊने गाडी काही हौसेने फिरवली नव्हती. तीन वेळा दवाखान्याच्या खेपा झाल्या होत्या, एकदा शाळेचे धान्य आणले होते, एक लग्न, आणि मग मी. यातली कोणती खेप त्याने नाकारायला हवी होती, हे मी मनाशी पुष्कळ वेळ जुळवून पाहिले. रबराचा तो पाइप हजार-बाराशे रुपयांचा. तो चंद्रपुराहून यायचा होता आणि चंद्रपूर दिवसभराच्या वाटेवर होते. टर्बो, त्यापुढच्या हवा निववणाऱ्या जाळीची सफाई, तेल, मजुरी आणि गाडी दुसऱ्या गाडीवर घालून चंद्रपुरास नेण्याचे भाडे, सगळे मिळून पस्तीस हजारांच्या वर गेले. इंजिनाच्या आत किती धूळ गेली आणि तिने तिथे काय केले, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता. ते पुढच्या वर्षा-दोन वर्षांत तेलाच्या खपावरून कळते, म्हणे.

मुक्कामाच्या खोलीत रात्री झोप येईना, म्हणून मी एका कागदावर हिशेब मांडून बसलो. अडीच लिटरचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला चोवीसशे फेरे धरले तर मिनिटाला तीन हजार लिटर हवा. टर्बो दाबून भरतो ती आणखी वेगळी. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो. म्हणजे ती एक जीपगाडी सव्वाचारशे ते पाचशे माणसांएवढा श्वास घेत होती. शाळेचा पट आठवला. मग तो कागद घडी करून पाकिटात ठेवला.

परतीला विद्यार्थ्याने मला अहेरीपर्यंत सोडले आणि तिथून मी एस.टी.ने निघालो. खिडकीची काच वर सरकवली तर धूळ आणि खाली ओढली तर उकाडा, असा प्रवास आष्टीपर्यंत. वैनगंगेचा पूल आला तेव्हा सगळ्या उतारूंनी एकदमच खिडक्या उघडल्या. कुणी कुणाला सांगितले नव्हते.

त्यानंतर भाऊशी माझा फोनवरून संबंध राहिला आहे. २०२५ च्या जुलैमध्ये हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरच्या नळातून खनिजाचा पाण्यात कालवलेला गाळ वाहून नेण्याची व्यवस्था सुरू झाल्याचे वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा मीच त्याला फोन लावला. माल नळातून गेला तर तेवढ्या मालमोटारी कमी होतील, असा माझा पंतोजी हिशेब. ‘पाहू ना जी,’ तो म्हणाला. पावसाळ्याचे दिवस होते. धूळ खाली बसलेली होती आणि तिच्या जागी चिखल होता. गाडीचे हप्ते संपायला आठ महिने उरले होते. इंजिन थोडे तेल खाते, पण चालते.

‘आणि पाइप?’ मी विचारले.

‘एक लावला हाय, एक सीटखाली ठेवला हाय नवा.’ मग थोडे थांबून म्हणाला, ‘त्याच्याजवळ सायकलची ट्यूबबी हाय. अन्‌ पत्र्याच्या जागी आता पानी यायचा जाडा नळ कापून ठेवला. तो तुटत नाही.’